करंजाची पानं राखाडी, आंब्याची काळी: दोष धुराचाच का?

इर्विनवरून (२७ जानेवारी, सकाळी ८:१०)

नमस्कार मंडळी. सांगलीत, विश्रामबागेत मिरज रस्त्याला लागून आमचं अपार्टमेंट आहे. फाटकाबाहेर फुटपाथवर करंज, वीसेक वर्षांचा. आत कंपाउंडात आंबा. आणि कोपऱ्यावर जुना पिंपळ, त्याचं वय कुणालाच माहीत नाही.

दिवाळीपासून तिघांचीही पानं बघवत नाहीत. करंजाचं पान राखाडी, वर पुटकुळ्या आल्यासारखे फोड. आंब्याचं वरून काळंकुट्ट. पिंपळाच्या पानांच्या कडा पापड भाजताना करपतात तशा तपकिरी झाल्यात.

खालच्या दुकानदारांना करंज नकोच आहे, बोर्ड झाकतो म्हणून. आता त्यांना निमित्त सापडलं: "झाड प्रदूषणानं आतून मेलंय, कुणाच्या तरी अंगावर पडेल, अर्ज करून काढून टाकू." बिल्डिंगमधल्या चार जणांनी सह्याही केल्या. माझ्यापुढे कागद आला तेव्हा मी "बघतो" म्हणून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर द्यायला उत्तर नव्हतं. हवेनं झाडाची पानं अशी होतात का? झाली तर झाड मरतं का?

सौ.चं म्हणणं, ही कारखान्याची काजळी.

---

भडंगप्रेमी (८:२५)

वहिनींचं बरोबर आहे. विषय संपला. चहा घ्या.

---

हळदगाव (९:०२)

काजळी असू शकते, पण सगळी नाही. गळीत हंगामात चिपाडावर बॉयलर चालतात, त्यातून उडणारे काळे कण मी लहानपणापासून बघतोय. गच्चीवर धोतर वाळत घातलं की त्यावर तुसासारखे तुकडे. झटकायला गेलं की फुटतात आणि काळी रेघ उठते, म्हणून आजी फुंकर मारून काढायची. त्यात भर म्हणजे ऊस तुटून गेल्यावर फडात पाचट पेटवतात. थंडीत सकाळी हवा जड असते, धूर वर जातच नाही, गावावर घोंगडं पांघरल्यासारखा बसतो.

पण ही राख सुटी असते. पानावर पडते, वाऱ्यानं उडते. पान काळंकुट्ट रंगवल्यासारखं करायचं काम तिचं नव्हे. इर्विनवरून, आंब्याच्या पानाला बोट लावून बघितलंत का?

---

बागायतदार_तासगाव (९:४०)

हळदगावनी नेमकं इचारलंय. दादा, आंब्याचं पान चिकाट लागतंय का बगा. लागत आसंल तर धूरबीर काय नाय. मोहोरावर तुडतुडं आल्यात. ती रस पित्यात आन गोड चिकटा टाकत्यात खालच्या पानावर. त्या चिकट्यावर काळी बुरशी धरती. बोली काजळीच म्हणत्यात तिला, म्हनून घोटाळा होतोय. झाडाच्या आत काय शिरत न्हाई ती, नुसती वर बसती.

वलं फडकं घेऊन पुसा. धूर आसंल तर फडक्याला काळा चिखुल यील. बुरशी आसंल तर पापुद्रा सुटंल.

---

इर्विनवरून (सायंकाळी ६:१५)

बागायतदार, तुम्हाला मानलं. ऑफिसातून आल्यावर पान तोडलं. बोट चिकटलं, पेढ्याच्या बॉक्सच्या कागदासारखं. ओलं फडकं ठेवून दोन मिनिटांनी नखानं कड उचलली, तर काळा थर अख्खाच्या अख्खा सुटून आला, साबुदाण्याच्या पापडीसारखा पातळ. खाली पान हिरवंगार, शिरा अन् शिरा दिसतेय. मुलीला हाक मारून दाखवलं.

मग त्याच फडक्याच्या दुसऱ्या टोकानं करंजाचं पान पुसलं. तिथं पापुद्रा-बिपुद्रा काही नाही. मळकट राखाडी गाळ, बोटांत चोळला तर कचकच लागतो.

म्हणजे आंबा सुटला. करंज अजून आरोपी, नाही, फिर्यादी म्हणू.

---

पर्णरंध्र (रात्री ९:३०)

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालोय, त्यामुळे लांबण लागेल, सांभाळून घ्या. तुमच्याकडे तीन झाडं आणि तीन वेगळी दुखणी आहेत. तिन्हींना 'प्रदूषण' हे एकच लेबल चिकटवलं म्हणून अर्ज लिहिणं सोपं झालं.

करंजाचे फोड आधी उरकतो. ते हवेचे नाहीत. डोळ्यांना न दिसणारे कोळी (जाळं विणणारे नव्हेत, माइट म्हणतात ते) पानाच्या पेशींत खोडी काढतात आणि पान तिथे गाठ धरतं. सांगलीतच काय, आडरानातल्या ओढ्याकाठच्या करंजावरही हे फोड दिसतील. झाड त्यानं मरत नाही.

आता राखाडी थर. हा मात्र रस्त्याचाच. पानाला बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं (माझं इथलं नाव त्यावरूनच). बहुतेक वृक्षांत ती खालच्या बाजूला असतात, एका चौरस मिलिमीटरात शे-दोनशे सहज. कार्बन डायऑक्साइड आत येतो तिथून, वाफ बाहेर पडते तिथून. धूळ वरच्या बाजूला जास्त बसते, म्हणून लोकांना वाटतं रंध्रं वाचली. पण वरच्या धुळीनं ऊन अडतं, म्हणजे पानाला अन्न कमी करता येतं. शिवाय मळकं पान ऊन शोषून जास्त तापतं. आणि टायरखालून उसळलेली धूळ खालूनही येते. ती रंध्राच्या तोंडात अडकली तर ते नीट मिटत नाही, झाड नको तेव्हा पाणी गमावतं. अडकण्याऐवजी झाकून बसली तर उलटं, श्वासच कोंडतो.

धुळीत सिमेंट असेल तर आणखी वेगळी गोष्ट. पहाटेच्या दवात ते कालवलं जातं, वाळून पानावर कवच धरतं. ते अल्कधर्मी असतं, पानाचा वरचा मेणाचा थर खराब करतं. तुमच्या रस्त्यावर बांधकाम चालू आहे का?

वायूंचं उद्या लिहितो. डोळे दुखतात.

---

भडंगप्रेमी (९:४४)

सर, विषय संपला म्हणालो होतो ते मागे घेतो.

---

इर्विनवरून (९:५०)

रस्ता खोदून तीन महिने झाले सर. ठेकेदार खडी आणि सिमेंट तिथेच ओतून गेलाय. पावडर उडतेय.

---

मिरजेच्या_बाई (२८ जानेवारी, दुपारी १:२०)

शाळेत विज्ञान शिकवते. काल रात्री हा धागा वाचला आणि आज आठवीच्या वर्गात करून टाकलं. मिरज स्टेशन रस्त्यावरचं करंजाचं पान आणि शाळेच्या मागच्या परसातल्या करंजाचं पान आणलं. दोन्हींच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा हात फिरवला (माझंच, मुलींनी आधी रंगाची चौकशी केली), वाळल्यावर सेलोटेपनं अलगद सोललं आणि काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

परसातल्या पानाचा ठसा स्वच्छ. राजगिऱ्याचे दाणे पसरल्यासारखी रंध्रं, प्रत्येकाला दोन ओठ. रस्त्याच्या पानाच्या ठशात रंध्रं तेवढीच होती, पण जागोजागी काळे, टोकदार तुकडे. काही थेट ओठांवर आडवे पडलेले. एक मुलगा म्हणाला, "बाई, याच्या तोंडात दगड घातलाय." त्यावर मला वेगळं काही शिकवावं लागलं नाही.

---

उनाडटप्पू (२:०५)

बाई, भारी! मी आणखी एक सांगतो. पानावरची धूळ कागदावर झटका, कागदाखालून चुंबक फिरवा. कण सरकायला लागतात. ब्रेक आणि इंजिनातून निघालेलं लोखंड ते. परदेशात पानांची चुंबकीयता मोजून कुठला रस्ता किती घाण ते काढतात. मी राजवाडा चौकातल्या पानांवर करून बघितलं, कण नुसते नाचत होते. प्रदूषण सिद्ध.

---

पर्णरंध्र (४:१०)

उनाडटप्पू, कल्पना खरी आहे, पद्धतही शास्त्रीय आहे, पण सांगलीत घरच्या चुंबकानं ती फसवते. आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा. त्या दगडातच मॅग्नेटाइट असतं आणि त्याची झिजून झालेली माती चुंबकाला चिकटते. कृष्णेच्या वाळवंटात चुंबक फिरवून बघा, तिथे कुणी ब्रेक मारलेला नाही. प्रयोगशाळेत दोन्ही कण वेगळे ओळखता येतात, कागदावर नाही.

---

उनाडटप्पू (४:१३)

अरारा. लहानपणी वाळूतून लोखंडाची पावडर गोळा करायचो, तेव्हा हे का नाही सुचलं!

---

पर्णरंध्र (रात्री ८:५०)

वायूंचं राहिलं होतं.

जुन्या पाठ्यपुस्तकांत खलनायक म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो रंध्रातून आत शिरतो, पेशीतल्या पाण्यात विरघळून आम्ल होतं, आणि हरितद्रव्याच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू उखडला जातो. मग हिरवं राहत नाही. अळूच्या फदफद्यात चिंच पडली की हिरवा रंग जाऊन शेवाळी होतो ना? तीच रसायनक्रिया. पानात हे शिरांच्या मधल्या भागात दिसतं. शिरा हिरव्या, मधलं पिवळट.

पण रस्त्यावर हा वायू आता पूर्वीसारखा नाही. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं आणि इंधनाचं कडक मानक आलं. डिझेलमधलं गंधक दशलक्ष भागांत ५० होतं, त्याचं १० वर आलं. म्हणून रस्त्याकडेच्या पानाला आज मुख्य त्रास धुळीचा, आणि दुसरा ओझोनचा. ओझोन सायलेन्सरमधून निघत नाही. गाड्यांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की तो हवेतच तयार होतो. गंमत अशी की गाड्यांतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो, त्यामुळे भर चौकात तो कमी आणि वाऱ्याच्या दिशेला गावाबाहेर जास्त, असं पुष्कळदा होतं.

तासगावकर, हे तुमच्यासाठी: कॅलिफोर्नियात १९५८ साली या ओझोनची जखम ओळखली गेली ती द्राक्षाच्या पानावर. बारीक तपकिरी ठिपके, फक्त वरच्या बाजूला.

---

बागायतदार_तासगाव (९:२०)

आरं देवा. म्हंजे धूर शेरात आन ठिपकं आमच्या बागंत? भुरी हाय, डाऊनी हाय, थ्रिप्स म्हंजे फुलकिडं हायती, आता ह्ये. फवारायचं काय ह्याला?

---

पर्णरंध्र (९:३५)

औषध नाही. आणि लगेच ओझोन म्हणू नका. पान उलटं करा. खालीही खूण असेल तर कीड किंवा रोग. ओझोनचे ठिपके वरच असतात, बारीक शिरा सोडून मधल्या जागेत येतात, आणि जुन्या पानांवर आधी दिसतात, शेंड्याच्या कोवळ्यावर नाही. देठ परीक्षण करता तसं हे आठवड्याला एकदा डोळ्यांनी करा.

---

दुभाजक (२९ जानेवारी, सकाळी ७:५५)

एक बाळबोध प्रश्न. मग शंभर फुटी रस्त्याच्या दुभाजकातली कण्हेर कशी टिकते? दोन्ही बाजूंनी धूर, वरून ऊन, खाली वीतभर माती. तरी फुलते.

---

मिरजेच्या_बाई (१०:३०)

कण्हेरीचं पान मुद्दाम आडवं कापून बघा, दहावीला आम्ही दाखवतो. तिची रंध्रं पृष्ठभागावर नसतातच. खालच्या बाजूला खळगे असतात, त्या खळग्यांच्या आत रंध्रं आणि खळग्याच्या तोंडाशी केसांची जाळी. वरून जाड मेणाचा थर. घराला पडवी आणि पडवीला चिकाचा पडदा. कोरड्या हवेत पाणी वाचवायची ही रचना, धुळीतही तिचा फायदा होतो.

---

कंत्राटी_माळी (११:१५)

मग सगळीकडे कण्हेरच लावू की. नाहीतर ते कोनोकार्पस. पाणी नको, काही नको, भराभर वाढतं.

---

पर्णरंध्र (दुपारी १२:४०)

कोनोकार्पस नको. मुळं पाइपात शिरतात आणि परागांचा त्रास होतो या तक्रारींवरून गुजरातनं २०२३ साली त्याच्यावर बंदी घातली.

झाडं निवडायला एक ठोकताळा आहे. सिंग आणि राव यांनी १९८३ साली मांडलेला प्रदूषण सहनशीलता निर्देशांक. पानातलं क जीवनसत्त्व, हरितद्रव्य, पानाच्या रसाची आम्लता आणि पानात टिकून असलेलं पाणी, या चार गोष्टी मोजून एक आकडा काढतात. क जीवनसत्त्वाला त्यात सगळ्यात वजन, कारण विषारी वायूंनी पेशीत जे जाळपोळ करणारे रेणू तयार होतात ते हेच विझवतं. पण हा आकडा झाड किती सोसेल ते सांगतो. हवा किती गाळेल ते नाही. ती गाळणी ठरते पानाच्या पोतावर. प्राजक्ताच्या खरखरीत पानावरून बोट फिरवा आणि मग पिंपळाच्या गुळगुळीत पानावरून, कुणावर धूळ धरेल ते लगेच कळेल. पिंपळाचा देठ लांब, पान सारखं सळसळतं, टोकाला शेपूट. पाऊस आला की निथळून मोकळं.

आणि अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी दाट छत करू नका. खालचा धूर वर जायला वाट राहत नाही, माणसं त्यातच चालतात. हे झाडप्रेमींना आवडत नाही, मलाही सांगायला आवडत नाही.

---

हळदगाव (१:३०)

थोडं अवांतर. पानावरचा गाळ म्हटला की मला २०१९ चा ऑगस्ट आठवतो. महापुराचं पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीतल्या सगळ्या झाडांवर एकच आडवी रेघ होती, कुणी पट्टी धरून मारल्यासारखी. रेघेच्या वर पानं हिरवी, खाली मातकट. पेरूच्या खालच्या फांद्यांची पानं आठ-दहा दिवसांत पिवळी पडून गळाली, वरची तशीच. आणि तो गाळ वाळल्यावर पुढे दिवाळीपर्यंत रस्त्यावरून उडत होता. मास्क तेव्हापासून आमच्या घरात आहेत, करोना नंतर आला.

---

कायद्याचं_बोला (सायंकाळी ५:००)

इर्विनवरून, पानांचं चालू द्या, पण अर्जाकडे लक्ष ठेवा. १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार शहरातलं झाड वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. परवानगीआधी झाडावर नोटीस लावून हरकती मागवाव्या लागतात. नोटीस दिसली की फोटो काढा आणि लेखी हरकत द्या, तोंडी नको. हरकतीत भावना कमी, निरीक्षण जास्त: फोड कोळ्यांचे, राखाडी थर पुसला जातो, नवी पालवी येते की नाही, बुंध्यावर पोकळी आहे की नाही. आणि २०२१ च्या दुरुस्तीनं ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय, तुमच्या पिंपळाचं वय नक्की करून घ्या.

हवा मर्यादेपेक्षा खराब असलेल्या शहरांची राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाची यादी आहे, तिच्यात सांगली आहे, हेही हरकतीत घाला. कार्यक्रम २०१९ चा. धुळीच्या मोठ्या कणांची, म्हणजे पीएम १० ची, देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. धूळ कमी करायची आणि धूळ झेलणारं झाड तोडायचं, असं एकाच टेबलावर चालणार नाही.

---

इर्विनवरून (रात्री १०:०५)

सर, पिंपळाचं राहिलं. कडा का करपतात?

---

पर्णरंध्र (१०:२०)

कड करपणं हे सगळ्यात फसवं लक्षण. वीटभट्टीजवळ असाल तर तापलेल्या मातीतून निघणाऱ्या फ्लोराइडनं पानांचे शेंडे आणि कडा जळतात. (भट्टीच्या धुरानं आंब्याची फळंही टोकाकडून काळी पडतात, उत्तरेत बागायतदारांना चांगलंच माहीत आहे.) पण तुमच्याजवळ भट्टी नाही. मग पाण्याचा प्रश्न. पानाची कड पाण्याच्या वाटेवरचं शेवटचं घर असतं, नळाला पाणी कमी आलं की आधी तिथेच ठणठणाट. बुंध्याभोवती काय आहे?

---

इर्विनवरून (१०:२४)

पेव्हिंग ब्लॉक. बुंध्याला चिकटून. गेल्या वर्षी बसवले, छान दिसतात म्हणून आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या.

---

पर्णरंध्र (१०:३१)

सापडलं बहुतेक. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करायला सांगितलं होतं, ते उगाच नाही. रीतसर विचारून ब्लॉक काढा.

---

इर्विनवरून (२२ मार्च, सकाळी ९:००)

धागा वर काढतोय.

करंजावर नोटीस लागली होती. हरकत दिली, मिरजेच्या बाईंच्या वर्गातल्या ठशांचे फोटो जोडले. पाहणीला आलेल्या साहेबांनी पान उलटं करून फोड बघितले, बुंधा ठोकून बघितला, फांद्या छाटायची परवानगी दिली, तोडायची नाही. दुकानदारांचा बोर्ड आता दिसतो. ते माझ्याशी बोलत नाहीत, पण दुपारी स्कूटर करंजाखालीच लावतात.

पिंपळाचे ब्लॉक काढले, हात-दीड हात. एक मीटर नाही झालं, पलीकडे गटार आहे. जुनी पानं फेब्रुवारीत सगळी गळाली, आता तांबूस पालवी आलीय. कडा अजून तरी शाबूत. पण हे ब्लॉकमुळे की पान नवं आहे म्हणून, ते मे महिन्यात कळेल.

खडीचा ढीग तिथेच आहे. करंजाच्या कोवळ्या पानांवर चार दिवसांत पुन्हा राखाडी थर. सकाळी मुलगी पाइपानं धुते, संध्याकाळी बोटानं त्यावर नाव लिहिते.

---

बागायतदार_तासगाव (९:३०)

झ्याक काम केलंसा. आमच्याकडं पान उलटं करून बगितलं. थ्रिप्सच निगाले.

---

भडंगप्रेमी (९:४१)

अभिनंदन! आता माझा एक गंभीर प्रश्न. पाडवा आलाय. रस्त्याकडेच्या कडुलिंबाचा पाला गुळाबरोबर खायचा की नाही? दरवर्षी स्टॅंडसमोरच्या झाडाचा आणतो.

---

मिरजेच्या_बाई (९:५५)

नको. आमच्या शाळेच्या परसात लिंब आहे, कोवळा पाला लागलाय. येऊन घेऊन जा, आणि येताना भडंग आणा.